दमणं आणि शिणणं

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणातली गोष्ट. बुधवार होता. संध्याकाळी पावणेआठला मी घरी आले, पर्स खुंटीला अडकवली आणि चपला काढायच्या म्हणून दाराजवळच्या स्टुलावर बसले, ती बसूनच राहिले. चपला पायातच. आत कुकरच्या शिट्ट्या चालल्या होत्या. लेकीने दोनदा हाक मारली, मी दोन्ही वेळा "आले" म्हणाले. पाय दुखत नव्हते, अंगात कसर नव्हती, रडूही येत नव्हतं. नुसतं उठवत नव्हतं.

सासूबाई वाती वळत बसल्या होत्या. हातातलं काम न थांबवता त्यांनी विचारलं, "काय गो, दमलीस की शिणलीस?"

"आई, एकच ना ते?"

"एकच कसं असेल?" वातीला पीळ देत त्या म्हणाल्या. "लावणीच्या दिवसांत सकाळपासून चिखलात वाकलेलं असायचं. तिन्हीसांजेला कंबर धरून घरी यायचं, पेज प्यायची, आडवं व्हायचं. पहाटे कोंबडा आरवला की पाय आपसूक खाली. ते दमणं. आणि जमिनीची केस चालली होती तेव्हा तुझे सासरे राजापूरला जाऊन कोर्टाच्या बाकावर बसून यायचे. दिवसभर काडी उचलायची नाही. पुढची तारीख घेऊन परत. आल्यावर धड जेवायचे नाहीत आणि रात्रभर कूस बदलत राहायचे. ते शिणणं."

मी चपला काढल्या आणि आत गेले. पण ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. अठ्ठेचाळीस वर्षं मी मराठी बोलतेय. शीण, थकवा, मरगळ, उबग, वैताग, ग्लानी असे इतके शब्द हाताशी असताना मी रोज संध्याकाळी सगळ्याला मिळून एकच शब्द वापरत होते, 'दमले'. आणि दमल्यावर जो उपाय करतात तोच करत होते. रविवारी दुपारी पडदे ओढून तीन तास झोपायचे आणि सोमवारी पुन्हा तशीच उठायचे.

आधी शरीराचं सांगते, कारण ते आधीच बघायला हवं. आमच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं. थायरॉइड ठीक होता, हिमोग्लोबिन ९.६ निघालं. बाईचं १२ च्या खाली गेलं की त्याला रक्तक्षय म्हणतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका रक्तक्षय असलेल्या निघाल्या होत्या. निम्म्याहून जास्त बायका अपुऱ्या रक्तावर घर आणि नोकरी ओढतायत, आणि "हल्ली फार दमायला होतं" यापलीकडे त्याबद्दल काही बोलत नाहीत, हे मला फार लागलं. मी तीन महिने लोहाच्या गोळ्या घेतल्या. भांडुप स्टेशनचा जिना चढताना लागायची ती धाप गेली. दम परत आला.

शीण मात्र जागचा हलला नाही.

लेक तेव्हा मानसशास्त्र घेऊन बीएच्या शेवटच्या वर्षाला होती. तिचं निदान तयार होतं. "आई, तू इंट्रोव्हर्ट आहेस. माणसांत तुझी शक्ती संपते, एकटीने राहिलीस की भरते." मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंगने १९२१ मध्ये ही अंतर्मुख-बहिर्मुख जोडी मांडली, हेही तिनेच सांगितलं. माझा विश्वास बसला, कारण ते सोयीचं होतं. दोन आठवडे मी माणसं टाळून पाहिली. ऑफिसात एकटीने डबा खाल्ला, रविवारी कोणाकडे गेले नाही, संध्याकाळी खोलीचं दार लोटून पडून राहिले. फरक पडला नाही. उलट त्या बंद खोलीत फोन हातात घेऊन तासभर काढला की डोळे आणि मन दोन्ही जड होऊन बाहेर यायचे.

मग तिनेच अभ्यासातली एक पद्धत सांगितली आणि ती मला पटली. २००४ मध्ये मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातल्या ९०९ नोकरदार बायकांना आदल्या दिवसाचा हिशोब मागितला. "तुम्ही समाधानी आहात का" असा मोघम प्रश्न विचारला नाही. काल सकाळपासून रात्रीपर्यंतचा दिवस सिनेमातल्या प्रसंगांसारखा तुकड्यातुकड्यांत लिहा, आणि प्रत्येक तुकड्यात कसं वाटत होतं ते लिहा, असं सांगितलं. आपण एकूण आयुष्याबद्दल बोलतो तेव्हा जे वाटायला हवं ते बोलतो. काल सव्वाअकराला काय वाटत होतं ते आठवायला लागलं की खोटं बोलणं अवघड जातं.

मी शंभर पानी वही घेतली. रात्री झोपण्यापूर्वी दिवसाचे तुकडे पाडायचे आणि समोर एक अक्षर लिहायचं. दमले असेन तर 'द', शिणले असेन तर 'शि'. तिसरं अक्षर चार दिवसांनी आलं, कारण त्याची गरज पडली. तरतरीचा 'त'.

टेक्सासच्या त्या बायकांच्या यादीत सकाळचा ऑफिसला जायचा प्रवास अगदी तळाला होता. माझ्याही वहीत तोच तळाला असणार, असं मी धरून चालले होते. भांडुपहून सीएसएमटीपर्यंत गर्दीच्या वेळची धीमी लोकल, वर्षाचे बारा महिने. पण सात आठवड्यांत सकाळच्या गाडीसमोर एकदाही 'शि' आला नाही. बहुतेक दिवस 'द' होता आणि त्याला चिकटून 'त'.

आमचा ग्रुप बायकांच्या डब्यात मधल्या दाराशी असतो. चौघी ठाण्याहून बसून येतात, आम्ही तिघी मुलुंड-भांडुपला चढतो. कुर्ला आलं की बसलेल्या उठतात आणि उभ्या असलेल्यांना बसवतात. हे कोणी ठरवलं मला माहीत नाही. मी अकरा वर्षांपूर्वी या गाडीला लागले तेव्हा असंच चालू होतं. एकजण मांडीवर पिशवी पसरून गवार मोडते, एकजण पुटपुटत हरिपाठ म्हणते, क्लिपा आणि कानातली विकणारी मुलगी घाटकोपरला चढते. मला त्यांच्यातल्या निम्म्याजणींची आडनावंही माहीत नाहीत. माझे वडील गेले तेव्हा मी पंधरा दिवसांनी पुन्हा गाडीला आले. हरिपाठवाल्या काकूंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि उठून मला खिडकी दिली. कुर्ला यायला अजून चार स्टेशनं होती. कोणी काही विचारलं नाही. मी दादरपर्यंत बाहेर बघत बसले.

आता वाटतं, त्या डब्यात माझ्या अंगाकडून बरंच काही मागितलं जातं, हातापायांची कसरत होते, घाम निथळतो, पण माझ्याकडून उत्तर कोणी मागत नाही.

हे 'उत्तर' प्रकरण मला काउंटरवर कळलं.

मी फोर्टातल्या एका विमा कंपनीच्या कार्यालयात दाव्यांच्या काउंटरवर बसते. बावीस वर्षं झाली. माझ्यासमोर येणारा माणूस आनंदात कधीच नसतो. कोणीतरी गेलेलं असतं, किंवा हॉस्पिटलचं बिल झालेलं असतं. दिवसभर दुःख ऐकायचं म्हटल्यावर शिणायला होणारच, असं सगळे म्हणतात, मीही म्हणायचे. वहीने वेगळंच सांगितलं.

पौषातल्या एका शुक्रवारी जुने पडून राहिलेले दावे निकाली काढायची मोहीम होती. मंजुरीचे अधिकार असलेले साहेब दिवसभर माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते. चाळीसच्या वर माणसं आली. डबा मी साडेतीनला उघडला. बोलून बोलून घसा बसला. त्या रात्रीची नोंद आहे: 'द, त'. आणि त्यानंतरच्या मंगळवारी सहा माणसं आली. फक्त सहा. चहा दोनदा झाला, जेवण वेळेवर झालं. नोंद आहे: 'शि'. अक्षर दोनदा गिरवलेलं आहे.

त्या सहांत लालबागच्या एक आजी होत्या. नवरा गिरणीत होता, त्याची लहानशी पॉलिसी. एका कागदावर आजींच्या नावापुढे 'बाई' लागलेलं होतं, दुसऱ्यावर नव्हतं. तेवढ्यावर फाइल अडली होती. आजींची ही चौथी खेप. त्यांनी पिशवीतून सगळे कागद पुन्हा काढले, हाताने सरळ केले आणि विचारलं, "मॅडम, मी आता परत कधी येऊ?"

मी हसून म्हणाले, "वरून उत्तर आलं की कळवतो हं, आजी."

ते हसणं मला दिवसभर ओठांवर जाणवत राहिलं. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये विमानातल्या हवाई सुंदरींच्या कामाचा अभ्यास मांडला. आतून वाटत नसताना चेहऱ्यावर ठेवावं लागणारं हसू हेही काम आहे, आणि ते थकवतं, असं त्यांनी म्हटलं. त्या कष्टाला त्यांनी 'भावनिक श्रम' असं नाव दिलं. वाचल्यावर मला बरं वाटलं, कारण निदान त्याला काम तरी म्हटलं होतं. पण तेवढ्याने माझा शुक्रवार उलगडत नव्हता. शुक्रवारी मी त्याहून कितीतरी जास्त हसले होते.

उलगडा रॉबर्ट कारासेक या संशोधकाच्या मांडणीने झाला. अमेरिका आणि स्वीडनमधल्या नोकरदारांच्या पाहण्या तपासून त्यांनी १९७९ मध्ये लिहिलं, की नुसता कामाचा बोजा माणसाला खचवत नाही. बोजा जास्त आणि आपल्या कामात निर्णय घ्यायचा वाव कमी, असं एकत्र आलं की माणूस खचतो. इंग्लंडमध्ये मायकेल मार्मट यांनी १९८५ पासून दहा हजारांहून जास्त सरकारी नोकरांचा पाठपुरावा केला. त्यातही कामावर ताबा नसलेल्यांना हृदयविकार जास्त होतो असं दिसलं. शीण मनाचे लाड नाहीत, तो काळजापर्यंत पोचतो, हे वाचून मी त्या रात्री बराच वेळ जागी होते. डोळ्यांसमोर कोर्टाच्या बाकावर बसलेले सासरे येत होते. मी त्यांना पाहिलेलंही नाही, माझ्या लग्नाआधीच ते गेले. हृदयविकारानेच गेले.

शुक्रवारी माझ्या शेजारी अधिकार बसलेला होता. मंगळवारी आजींच्या प्रश्नाचं उत्तर द्यायची जबाबदारी माझी होती आणि उत्तर माझ्या हातात नव्हतं. चाळीस माणसांनी मला दमवलं, आजींच्या एका प्रश्नाने मी शिणले.

एकदा हे दिसलं आणि मग वहीतला जवळजवळ प्रत्येक 'शि' त्याच घराण्यातला निघाला. सोसायटीच्या गळतीबद्दल चिटणीसांना चौथ्यांदा फोन. भावाचा फोन, "तूच सांग ना वहिनीला." रात्री फोनवर बातम्या बघणं: जगभरातलं दुःख तळहातावर येतं आणि आपण अंगठ्याने वर सरकवण्यापलीकडे काही करू शकत नाही. त्याला मी इतकी वर्षं विरंगुळा म्हणत होते.

एका नोंदीने मात्र मला हलवून सोडलं. रात्री साडेआठ ते नऊ, लेकीबरोबर. 'शि'. आठवड्यात पाच वेळा. मला वही मिटून टाकावीशी वाटली. ती माझी एकुलती एक मुलगी, दिवसभरात तिच्याशी बोलायला मिळणारा तो अर्धा तास, आणि त्यासमोर हे अक्षर! काहनेमन यांच्या पाहणीतही मुलांची देखभाल टीव्ही बघण्याच्याही खाली उतरली होती, हे मला ठाऊक होतं. त्याने धीर आला नाही. मी तीन दिवस त्या अर्ध्या तासात आपण काय बोलतो ते लक्ष देऊन ऐकलं. "फॉर्म भरलास का? शेवटची तारीख कधी? फोटो काढलेस? एमएचं कुठे करायचं ठरलं का? मार्कशीटची झेरॉक्स आहे ना?" मी घरीही काउंटरवरच बसले होते. तिच्या पुढच्या आयुष्याची जबाबदारी मला वाटत होती, निर्णय मात्र तिचे होते, आणि ते तिचेच असायला हवे होते. तो अर्धा तास तीही माझ्यासमोर कागद सरळ करत उभी असायची.

मी विचारणं बंद केलं. पहिले दोन दिवस आम्ही दोघी गप्प बसलो आणि ते कठीण गेलं. तिसऱ्या दिवशी तिने तेलाची वाटी आणली आणि माझ्यामागे बसून केसांना तेल लावायला लागली. लावता लावता स्वतःच बोलू लागली. फॉर्मबद्दल नाही, तिच्या वर्गातल्या एका मुलीबद्दल, जिचं गाव धरणात गेलं होतं. साडेनऊ वाजून गेले. त्या रात्री मी मोठ्ठा 'त' लिहिला.

ऑफिसात इतकं सोपं नव्हतं. अधिकार काही मला कोणी देणार नव्हतं. पण पेच नेमका कुठे आहे हे कळल्यावर मागता काय येईल तेही कळलं. मी साहेबांकडे दोन गोष्टी मागितल्या. दुपारी तीन ते चार या वेळात मंजुरी विभागाला मी थेट फोन करायचा. आणि माणूस पहिल्यांदा काउंटरला येईल त्याच दिवशी त्याचे सगळे कागद तपासून, काय कमी आहे, नाव कुठे जुळत नाही, प्रतिज्ञापत्र लागणार की नाही, हे मराठीत एका चिठ्ठीवर लिहून, खाली तारीख घालून, त्याच्या हातात द्यायचं. दोन्हींना होकार मिळाला. ज्याचा दावा फेटाळला जातो त्याला मी आता आणखी एक गोष्ट सांगते: आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा, महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या विमा लोकपालाकडे जा, तिथे पैसे पडत नाहीत, पण वर्षाच्या आत जा. पुष्कळांनी हे नावच ऐकलेलं नसतं. ते सांगताना समोरच्या माणसाचे खांदे जरा सैल होतात, आणि माझेही.

लालबागच्या आजींना मीच फोन केला. प्रतिज्ञापत्र कसं करायचं ते सांगितलं. पाचवी खेप झाली, सहावी झाली नाही. त्यांच्या खात्यात आलेली रक्कम फार नव्हती.

या वर्षी आषाढात एका संध्याकाळी शीव आणि कुर्ल्याच्या मध्ये रुळांवर पाणी साचलं आणि गाडी अडीच तास उभी राहिली. पंखे बंद, खिडक्यांवर पावसाचा मारा, डब्यात पाय हलवायला जागा नाही. एका बाईने राजगिऱ्याचे लाडू काढले आणि मोडून मोडून ते दारापर्यंत पोचवले. घरी आले तेव्हा साडेदहा वाजले होते आणि पोटऱ्या दगड झाल्या होत्या. सासूबाईंनी विचारायच्या आधीच मी म्हटलं, "आई, दमले." गरम वरणभात खाल्ला आणि सकाळी सहाला गजराच्या आधी जाग आली.

रविवार आता मी झोपून काढत नाही. नवरा भांडुपच्या बाजारातून किलोभर कोळंबी आणतो आणि सासूबाई आणि मी स्वयंपाकघराच्या लादीवर वर्तमानपत्र पसरून बसतो. डोकं मोडायचं, साल काढायचं, पाठीतला काळा दोरा ओढून टाकायचा. पाऊण तास लागतो, बोटांना खाज सुटते, वास संध्याकाळपर्यंत जात नाही. वहीत या कामासमोर नेहमी 'त' असतो. डावीकडचा ढीग आपल्या डोळ्यांदेखत कमी होतो आणि उजवीकडची थाळी भरते. कोणाच्या सहीसाठी काही अडत नाही.

मागच्या रविवारी दोरे काढता काढता मी त्यांना विचारलं, "आई, त्या केसचं शेवटी काय झालं?" लग्नाला चोवीस वर्षं झाली, हे मी आजवर विचारलं नव्हतं.

"हरलो ना," त्या म्हणाल्या. "निम्मी जमीन गेली. त्या दिवशी कोर्टातून येताना ह्यांनी बाजारातून बांगडे आणले. मी म्हटलं, आज कसले बांगडे? तर म्हणाले, तळ. पोटभर जेवले, आणि असे झोपले, असे झोपले की मी दोनदा उठून नाकाशी हात धरून बघितलं. पहाटे उठले नि राहिलेल्या तुकड्यात जोत धरलं."

थोडा वेळ आम्ही दोघी गप्प होतो.

"ती थाळी इकडे सरकव," त्या म्हणाल्या, "माझा हात पोचत नाही."